मिर्यांगचं गाऱ्हाणं

भाचीनं लावून दिलेल्या कोरियन मालिकेत एक देखणा पोरगा रस्त्यानं चालला होता आणि भुतं त्याच्या मागे लागली होती. कुणाला काही सांगायचं होतं, कुणाला काही मागायचं होतं. पोरगा ढिम्म. त्याला सगळं दिसत होतं, ऐकूही येत होतं. पण हे भुतांना एकदा कळलं की सुटका नाही, म्हणून त्यानं न दिसल्याचं सोंग घेतलं होतं. मी चहाचा कप खाली ठेवला. अगं बाई, हे तर आमचं ऑफिस!

तळकोकणातल्या एका तहसील कचेरीत माझी एकतीस वर्षं गेली. निवृत्त झाले ती अव्वल कारकून म्हणून, पण त्याआधी बरीच वर्षं आवक-जावकच्या टेबलावर होते. समोर माणूस उभा असताना तो नाहीच असं वागायला कुणी शिकवत नाही, दोन-तीन महिन्यांत आपसूक जमतं. रजिस्टरात मान घालायची. अंगठ्यावर रबरी टोपी चढवून कागद मोजायला घ्यायचे, कारण मोजणाऱ्याला सहसा कुणी टोकत नाही. फारच झालं तर मान वर न करता म्हणायचं, ‘साहेब व्हिजिटला गेलेत.’ डोळ्याला डोळा भिडला की संपलं. मग पणजोबांच्या वाटणीपासून सगळं ऐकावं लागतं.

म्हणून त्या पोराला मी पहिल्या पाच मिनिटांत ओळखलं. आमच्यातलाच होता.

मालिकेचं नाव ‘आरांग अँड द मॅजिस्ट्रेट’. कोरियन नाव ‘आरांग सात्तो-जॉन’, म्हणजे आरांग आणि सात्तो यांचं आख्यान. सात्तो म्हणजे कोरियातल्या जुन्या जोसॉन राजवटीतला गावाचा न्याय-महसूल-बंदोबस्त सगळं एकहाती बघणारा अधिकारी. आपला जुना मामलेदारच म्हणा. एमबीसी वाहिनीवर 2012च्या ऑगस्ट ते ऑक्टोबरमध्ये ती दाखवली गेली, वीस भाग. पोरगा म्हणजे ली जून-गी. लष्करातली सक्तीची सेवा संपवून तो त्याच वर्षी फेब्रुवारीत बाहेर आला होता आणि परतल्यावरची ही त्याची पहिली मालिका. भूत झाली आहे शिन मिन-आ. दोनच वर्षांपूर्वी तिनं दुसऱ्या एका मालिकेत नऊ शेपट्यांची कोल्हीण केली होती, तेव्हा माणूस नसण्याचा तिला सराव होता.

भाची पुण्यात असते. ‘मावशी, तुला भुताच्या गोष्टी आवडतात ना, मग बघच,’ असं म्हणून गणपतीत आली तेव्हा फोनवर लावून देऊन गेली. खालची इंग्रजी अक्षरं भराभर पळतात, माझा चष्मा तेवढा पळत नाही. त्यामुळे मी थांबवून थांबवून बघते. एका तासाचा भाग मला दोन तास पुरतो. पण त्या थांबण्यात एक गंमत आहे. चित्र थिजतं आणि मागच्या गोष्टी दिसायला लागतात: ओसरीवर वाळत घातलेल्या मिरच्या, कागदाच्या दारातून झिरपणारा उजेड, कारकुनाच्या टोपीची काळी पारदर्शक चाळण.

गोष्ट अशी. मिर्यांग गावात नवा सात्तो आला की पहिल्याच रात्री मरतो. एक झाला, दुसरा झाला, तिसरा झाला. आता यायलाच कुणी तयार नाही. कचेरीतले तीन कारकून हवालदिल झालेत. शेवटी ते आपल्या हरवलेल्या आईला शोधत गावात आलेल्या या पोराला, उन-ओला, धरतात आणि जवळजवळ जबरदस्तीनं खुर्चीत बसवतात. सात्तो का मरतात? तर रात्री केस मोकळे सोडलेली एक मुलगी येते आणि काहीतरी सांगू लागते. तिचं सांगणं सुरू होण्याआधीच समोरच्याची छाती फुटते.

ते तीन कारकून मला फार आवडले. एक माणसांची आणि नेमणुकांची नोंद ठेवणारा, एक गुन्ह्यांचं बघणारा, एक समारंभांचं. जोसॉनच्या गावकचेऱ्यांत असे सहा विभाग असत, राजधानीतल्या सहा मंत्रालयांची छोटी प्रतिकृती. सात्तोची मुदत साधारण पाच वर्षांची, आणि त्याची नेमणूक स्वतःच्या गावी कधीच होत नसे. कारकून मात्र पिढ्यानपिढ्या तिथलेच, ठरलेल्या पगाराशिवाय राबणारे, आणि म्हणून कशावर कसं भागवायचं ते पक्कं जाणणारे. साहेब येतो, साहेब जातो, कपाटाची किल्ली कारकुनाकडे. मालिकेत ते तिघं विनोदासाठी आहेत. मला एकदाही हसू आलं नाही. म्हणजे आलं, पण आरशात बघून येतं तसं.

*

ही गोष्ट मालिकेच्या लेखिकेनं हवेतून काढलेली नाही. दक्षिण कोरियाच्या आग्नेयेला मिर्यांग नावाचं गाव खरंच आहे. नदीकाठच्या कड्यावर यंगनामरू नावाचा लाकडी मंडप आहे, आज उभा असलेला 1844चा. त्याच्या पायथ्याशी नदीच्या अंगाला आरांगचं छोटं देऊळ आहे. लोककथेत ती मिर्यांगच्याच एका अधिकाऱ्याची मुलगी. दाईनं तिला चांदणं बघायला म्हणून मंडपात नेलं. तिथे एकजण टपून बसला होता, दाईला त्यानंच पैसे चारले होते. मुलगी वश होईना, तेव्हा त्यानं तिला मारून बांबूच्या बेटात टाकलं. बाप शोधून शोधून थकला आणि मुलगी कुणाचा तरी हात धरून पळाली या बदनामीसकट गाव सोडून गेला. मग नवे अधिकारी मरू लागले. शेवटी एक धीराचा निघाला, त्यानं तिचं सगळं ऐकून घेतलं. ती म्हणाली, उद्या सगळ्यांना अंगणात उभं करा, मी फुलपाखरू होऊन येईन आणि त्याच्या डोक्यावर बसेन. तसं झालं.

तो एकजण कोण होता? कचेरीतलाच हरकाम्या. म्हणजे दर वेळी नवा साहेब रुजू होताना स्वागताला रांगेत उभा राहणारा. ती मुलगी दूर कुठल्या राजाकडे गेली नाही. ज्या कचेरीनं तिला मारलं, त्याच कचेरीत ती रात्री पुन्हा पुन्हा येत राहिली.

कोरियात या साच्याच्या गोष्टी आणखी आहेत. उत्तरेकडे चॉलसानची दोन बहिणींची गोष्ट प्रसिद्ध आहे. सावत्र आईच्या कटानं जीव गेलेल्या त्या मुलीही अधिकाऱ्यापुढेच येतात, आणि तिथेही एक हिंमतवाला भेटेपर्यंत आधीचे घाबरून मरतात. मला यातलं नवल वाटलं ते हे की, या भुतांना सूड स्वतः घेता येत नाही असं नाही, एवढे साहेब मारले त्यांनी! पण त्यांना तो घ्यायचा नाहीये. ती रीतसर अर्ज घेऊन आलेली आहेत. त्यांना निकाल हवाय. शिक्क्याचा.

लहानपणी माझ्या आजोळी ऐकलेली भुतं अशी नव्हती. मुंज्या पिंपळावर असायचा, हडळ विहिरीच्या वळणावर, आणि देवचार मध्यरात्री काठी आपटत गावाची हद्द फिरायचा. मुंज्या का झाला? मुंज झाली आणि लग्नाआधी गेला म्हणून. हडळ का? बाळंतपणात गेली म्हणून. अर्धवट राहिलेल्या आयुष्याचं भूत होतं हे व्याकरण इथूनतिथून सारखंच. पण आपल्या गोष्टींत भुताशी बोलतं कोण? नारळ, उतारा, लिंबू, दोरा. अंगात आलेल्याला विचारतात, ‘कोण तू? काय पाहिजे?’, पण त्या विचारण्यातही रोख असतो तो ‘आणि जाणार कधी?’ असा.

एक अपवाद मात्र आहे, आणि तो आपल्या रोजच्या व्यवहारातला आहे. दहाव्याला पिंडाला कावळा शिवला नाही की सगळे जण एकदम ऐकणारे होतात. कुणी पुढे येऊन मोठ्यानं सांगतो, ‘धाकटीच्या लग्नाचं मी बघेन.’ कावळा येत नाही. दुसरा म्हणतो, ‘घर विकणार नाही.’ कावळा येत नाही. माझ्या आजीच्या वेळी दीड तास झाला, भटजी घड्याळ बघायला लागले, आणि शेवटी माझी मोठी मामी कुजबुजली, ‘तुमच्या पाटल्या थोरलीलाच देईन.’ आला की! आजी हयात असताना त्या पाटल्यांबद्दल तिला कुणी एका शब्दानं विचारलं नव्हतं.

आणि दुसरा अपवाद म्हणजे गाऱ्हाणं. तळकोकणात हा शब्द दोन ठिकाणी चालतो. देवळात घाडी देवापुढे नारळ ठेवून गाऱ्हाणं घालतो, ‘बा देवा म्हाराजा’ म्हणून सुरू करतो, एकेकाचं संकट देवाच्या कानावर घालतो आणि मागची माणसं दर वाक्याला ‘व्हय म्हाराजा’ म्हणतात. आणि कचेरीत माणूस येतो तेव्हाही तो म्हणतो, ‘माझा एक गाऱ्हाणा हा.’ देवाकडचा आणि सरकारकडचा शब्द एकच. फरक एवढाच की कचेरीत ‘व्हय म्हाराजा’ म्हणायला मागे कुणी नसतं.

कोरियन भाषेतही असाच एक शब्द आहे असं कळलं तेव्हा मी फोन बाजूला ठेवून थोडी फेरी मारून आले. ‘वॉन’. (चलनातला वॉन वेगळा.) अन्याय होऊन आत साचून राहिलेलं दुःख म्हणजे वॉन. असं दुःख घेऊन मेलेल्याचं भूत ते ‘वॉनहोन’. आणि जिवंत माणूस सरकारदरबारी जाऊन ते निस्तरून घेतो त्याला म्हणतात ‘सिनवॉन’, म्हणजे दुमडलेला वॉन सरळ करणं. भुताचं आणि अर्जदाराचं दुखणं एकाच अक्षरानं लिहितात. कोरियन मालिकांवर लिहिणारे सगळेजण ‘हान’ या शब्दाबद्दल भरभरून लिहितात, त्या खोल राष्ट्रीय दुःखाबद्दल. मला हा छोटा कचेरीतला शब्द जास्त भिडला.

जोसॉनच्या राजांनी हे वॉन ऐकण्याची सोयही केली होती. 1401मध्ये राजा थेजोंगनं राजवाड्याबाहेर एक मोठा नगारा टांगला. कुठेच दाद लागली नाही तर येऊन वाजवायचा. अर्थात तिथवर पोचायला आधी खालच्या सगळ्या पायऱ्या चढाव्या लागत आणि वाजवल्यावर चौकशी व्हायची ती आधी वाजवणाऱ्याची. (इथेही हसू आलं.) पुढे लोक राजाची मिरवणूक जाताना वाटेत थाळी बडवून अर्ज द्यायला लागले. बायकांना स्वतःच्या नावानं अर्ज करता येई, अगदी गुलाम बायकांनासुद्धा. पायरी कितीही खालची असो, गाऱ्हाण्याला मज्जाव नव्हता.

*

आता ती म्हातारी. तिला मी टाळू शकत नाही. निदान या लेखात तरी.

ती साधारण 2009च्या सुमारास यायला लागली. सोमवारी. हातात कापडदुकानाची प्लास्टिकची पिशवी, तिच्यात दुसरी पिशवी, तिच्यात कागद. बाप गेल्यावर वारस नोंद झाली तेव्हा भावांनी हिचं नाव घातलंच नव्हतं. फेरफार मंजूर होऊन कैक वर्षं उलटली होती. ती टेबलाशी उभी राहायची आणि म्हणायची, ‘झाला काय गो बाये माजा काम?’

तिचं काम आमच्याकडे नव्हतंच. फेरफारावरचं अपील प्रांतांकडे करायचं असतं. मी ते तिला एकदा सांगितलं, नियमाप्रमाणे. तिनं मान हलवली आणि पुढच्या सोमवारी पुन्हा आली. अर्ज दिला होता, त्यावर ‘योग्य त्या कार्यवाहीसाठी’ असा शेरा मारून आम्ही तो तलाठ्याकडे पाठवला होता, तलाठ्यानं तो परत पाठवला होता, आणि मग तो कुठेतरी होता. तिचा प्रश्न मात्र कायद्यातल्या कुठल्याच रकान्यात बसणारा नव्हता. ‘जमीन नको माका,’ ती म्हणायची. ‘माजा नाव का नाय थंय? मी नव्हतंय काय थंय?’

मी कागद मोजायला घ्यायची.

*

आरांगला स्वतःचं नाव ठाऊक नाही. मालिकेतली मला सगळ्यांत आवडलेली कल्पना ही. लोककथेतल्या भुताला सगळं आठवतं, कोणी मारलं तेही. मालिकेतलं भूत तीन वर्षं भटकतंय आणि त्याला काहीच आठवत नाही. त्यामुळे ती सात्तोकडे येते ती खुनी शोधून द्या म्हणून नाही. आधी मी कोण ते शोधून द्या. ‘आरांग’ हे नाव भुताखेतांनीच दिलेलं. उन-ओ तिला हाकलतो, चिडतो, तोंड फिरवतो. तिचं काम हातात घेतो ते तिच्या केसांतली पिन बघून, कारण तशीच पिन त्यानं आपल्या आईला दिली होती. म्हणजे ऐकायला लागतो तोही स्वार्थापोटीच. हे मला फार खरं वाटलं. आमच्या एका साहेबांनी पाणंदरस्त्याची एक फाईल झपाट्यानं हलवली होती, तो रस्ता त्यांच्या सासुरवाडीला जात होता. रस्ता झाला, हे महत्त्वाचं.

नाव सापडतं. ती इथल्याच आधीच्या सात्तोची मुलगी, ली सॉ-रिम. घराबाहेर न पडणारी, गावातल्या कुणी धड न पाहिलेली. ती बेपत्ता झाली तरी गावाला तिचा चेहरा आठवत नाही, कारण तो कुणी बघितलाच नव्हता.

या ठिकाणी मी मालिका चार दिवस बंद ठेवली आणि जोसॉनच्या बायकांच्या नावांबद्दल मिळेल ते वाचत बसले. तिथल्या वंशावळींच्या पोथ्यांत मुलाचं नाव लिहीत. मुलीच्या जागी जावयाचं. बाई लग्नानंतर अमक्या घराण्याची, एवढीच ओळख. पण चक्रावून टाकणारी गोष्ट पुढे आहे. त्याच जोसॉनच्या पहिल्या दोनेकशे वर्षांत मुलींना बापाच्या मिळकतीत मुलांएवढाच वाटा होता. पंधराव्या शतकातल्या त्यांच्या कायद्याच्या ग्रंथातच तसं आहे. यी यी नावाचा मोठा विद्वान, ‘युलगोक’ म्हणून ओळखला जाणारा, आज पाच हजार वॉनच्या नोटेवर असतो. त्याची आई, चित्रकार शिन साइमदांग, पन्नास हजारांच्या नोटेवर. त्यांच्या घरचा 1566चा वाटणीपत्राचा कागद अजून जपलेला आहे. सात भावंडं, चार भाऊ आणि तीन बहिणी. शेतं आणि गुलाम सगळ्यांना समसमान वाटलेले. (गुलामही वाटलेले, हे विसरून चालणार नाही. वाटणीपत्र कितीही न्याय्य असलं तरी त्यात कुणीतरी मिळकत असतंच.)

आरांगची कथा लोक ज्या काळात घडली म्हणतात ते हेच सोळावं शतक. पुढे सतराव्या शतकापासून थोरल्या मुलाकडे श्राद्धकर्म, म्हणून थोरल्याकडे जमीन, असं होत होत मुलींची नावं वाटणीपत्रांतून गळत गेली. एकदम कुणी कायदा करून काढली असं नाही. एका पिढीत कमी, पुढच्या पिढीत आणखी कमी, मग नाहीच. कुणीतरी कारकुनानंच लिहिली असणार ना ती वाटणीपत्रं? सुबक अक्षरात.

मला म्हातारीची पिशवी आठवली. 2009मध्ये कायदा तिच्या बाजूचाच होता, मुलींना समान हक्क देऊन झाले होते. पण कायदा बाजूनं असणं आणि टेबलावरचं माणूस बाजूनं असणं यांच्यात बरंच अंतर असतं.

*

मृत्यूनंतरच्या कारभाराची गंमत सांगते, नाहीतर हा लेख फारच जड होईल. मालिकेत स्वर्गाचा बादशहा ओक्ह्वांग सांगजे हा पांढऱ्या झुळझुळीत कपड्यांतला कोवळा तरुण आहे आणि पाताळाचा राजा काळ्या कपड्यांतला, दाढीवाला, सतत वैतागलेला. दोघं दगडी पटावर काळ्या-पांढऱ्या सोंगट्यांचा बादुक खेळत बसतात आणि खाली माणसांची आयुष्यं हलतात. तर त्या पाताळाच्या राजाचं नाव यॉमरा. लिहितात यॉमरा, बोलताना होतं यॉम्ना. मी दोनदा मागे नेऊन ऐकलं. यमराजच हा! संस्कृतातला यमराज बौद्ध ग्रंथांबरोबर चीनमध्ये गेला, तिथे त्याचं नाव चिनी अक्षरांत बसवलं, ती अक्षरं कोरियानं आपल्या उच्चारात वाचली. वाटेत रेडा हरवला, गदा हरवली. मिळाली ती कचेरी. तिकडच्या बौद्ध देवळांत पाताळाच्या दहा न्यायाधीशांचं दालन असतं आणि यमराज त्यांतला पाचवा. म्हणजे आपल्याकडे जो सर्वेसर्वा, तो तिकडे खंडपीठातला एक सदस्य.

त्याचे दूतही नोकरमाणसासारखेच. काळा झगा, काळी रुंद काठाची टोपी, हातात नावांची यादी. चुकीच्या नावाचा माणूस उचलला तर परत आणून सोडायचा. पूर्वी घरात कुणी गेलं की दाराबाहेर भाताच्या तीन वाट्या आणि गवती चपलांचे तीन जोड ठेवत, कारण दूत तीन येतात आणि लांबून चालत आलेले असतात. वॉरंट घेऊन आलेल्या शिपायाला चहापाणी करावं तसं. मालिकेतला दूत मू-यंग हा तर जगातला सर्वांत दमलेला सरकारी कर्मचारी आहे. आरांग त्याच्या हातावर तुरी देऊन पळते तेव्हा त्याच्या चेहऱ्यावर जे दिसतं ते मी मार्चएंडला पाहिलेलं आहे.

आणि जेवण. कोरियात उघड्यावर जेवायला बसलं की पहिला घास ‘कोसुरे!’ असं म्हणून बाजूला फेकायची पद्धत आहे. मालिकेत त्या फेकलेल्या घासावर उपाशी भुतं तुटून पडतात, आरांगही त्यांच्यात, कोपर मारून जागा करत. त्या दृश्यानं मला माझ्या आजोबांच्या पाटाशी नेऊन बसवलं. जेवणाआधी ताटाच्या उजवीकडे ते भाताची पाच शितंशितं ठेवत चित्राहुती घालायचे. चित्राला, चित्रगुप्ताला, यमाला, यमधर्माला, आणि शेवटची ‘सर्वेभ्यो भूतेभ्यो नमः’. आम्हा पोरांना ती मुंग्यांसाठी वाटायची. म्हणजे रोज दुपारी आमच्या माजघरात यमाच्या अख्ख्या कचेरीला पान वाढलेलं होतं आणि आम्हाला पत्ता नव्हता.

एक विषयांतर आणखी. त्यांच्या पंचांगातही अधिक महिना असतो. त्या महिन्यात देवदेवतांचं लक्ष नसतं असं मानून लोक पूर्वजांच्या कबरी हलवतात आणि म्हाताऱ्या आईबापांसाठी कफनाचे कपडे शिवून ठेवतात. त्यानं आयुष्य वाढतं म्हणे. आपण धोंड्याच्या महिन्यात जावयाला अनारसे देतो. ज्याची त्याची प्रथा.

*

प्रेमकथेबद्दल मी अजून काहीच बोलले नाही हे भाचीच्या लक्षात येईल. तिनं मला मालिका त्यासाठीच दाखवली होती. आरांगला स्वर्गातून परत धाडतात, हाडामासाची करून, तीन पौर्णिमांची मुदत देऊन: तेवढ्यात आपल्या मृत्यूचं सत्य शोध. मग ती भूक लागणारी, थंडी वाजणारी, बोट कापलं तर दुखणारी मुलगी होते आणि उन-ओ तिच्यात गुंतत जातो. मधले पाच-सहा भाग ओढूनताणून आहेत, तो जमीनदार आणि ते काळोखातले मेणबत्त्यांचे कारस्थान यांत निम्मी वेळा मला डुलकी लागली. जू-वाल नावाचा दुसरा नायक अतिशय सुंदर दिसतो आणि अतिशय सावकाश बोलतो. शेवट सांगत नाही. इतकंच म्हणते की यमराजाच्या दप्तरखान्यात जाऊन नोंदी चाळणारा नायक मी प्रथमच पाहिला आणि त्या वेळी मी उठून बसले होते.

पण प्रेम मला दिसलं ते दुसरीकडेच. बांगूल नावाची एक गरीब मांत्रिक आहे त्यात. तिची विद्या अर्धीच: तिला भुतं ऐकू येतात, दिसत नाहीत. त्यामुळे ती भलत्याच दिशेला बघून भांडत असते, घाबरते, पैसे मागते, आणि तरी ऐकते. उन-ओला दोन्ही येतं आणि तो दोन्ही टाळतो. त्याचं प्रेम सुरू होतं ते चुंबनाबिंबनापासून नाही, त्याच्याही कितीतरी आधी, पहिल्यांदा तो चालताचालता थांबतो आणि मान वळवतो तिथून. ली जून-गीनं ते वळणं फार छान केलंय. वैतागलेलं आहे ते, प्रेमळ अजिबात नाही. ‘बोल एकदाचं’ असा भाव. पण मान वळली.

ते दृश्य मी थांबवलं. थिजलेल्या चित्रात आरांगचा चेहरा होता, ज्याच्याकडे कुणीतरी बघतंय असा. तसा चेहरा मी कधी पाहिलाय का, म्हणून आठवत बसले. म्हातारीचा चेहरा मला आठवेना. पिशवी आठवली, पिशवीवरचं दुकानाचं झिजलेलं नाव आठवलं, टेबलाच्या कडेवरची तिची बोटं आठवली. कारण मी तेवढंच बघत असे. एका वर्षी आंब्याला मोहर आला तेव्हा ती येत होती आणि कापणीला येत नव्हती. मधे केव्हा थांबली ते लक्षात आलं नाही. काम झालं असेल, असं मी तेव्हा म्हटलं असणार.

परवा सकाळी मी कचेरीत फोन केला. माझ्या टेबलावर आलेला मुलगा आता रेकॉर्ड रूमला आहे, चांगला आहे, अजून मॅडम म्हणतो. म्हटलं, 2009-10चा एक अर्ज शोधायचाय.

‘मॅडम, तो “ड” वर्गात गेला असेल तर केव्हाच नष्ट झाला. आवक रजिस्टर असेल पण. अर्जदाराचं नाव सांगा, बघतो.’

मी गप्प राहिले. मग म्हटलं, नाव नाही आठवत.

‘मग कसं शोधू?’

गट नंबर पाठ आहे, म्हटलं. खरंच पाठ होता. दर सोमवारी तिनं तो म्हटला होता, घाडी देवाचं नाव घेतो तसा, आणि कान काही रजिस्टरात घालता येत नाहीत. मी गावाचं नाव आणि गट नंबर सांगितला. पलीकडे कळा दाबल्याचा आवाज आला. सात-बारा आता मिनिटात उघडतो.

‘तीन नावं आहेत मॅडम,’ तो म्हणाला, आणि वाचून दाखवली. तीन भाऊ. मग जरा थांबून त्यानं विचारलं, ‘ह्यातलं कुठलं हवंय?’